प्रायोगिक लष्करी उपकरण: शिरोलीच्या शेडपासून खरेदीच्या करारापर्यंत

कोल्हापुरात नवं यंत्र उभं करणं अवघड नाही. शिरोलीत ओतकाम, उद्यमनगरात मशिनिंग, गोकुळ शिरगावला असेंब्ली. सकाळी कास्टिंग हातात आलं तर संध्याकाळपर्यंत बोअर होऊन परत येतं. अडतं ते पुढे. नमुना शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आणि फाईल दिल्लीत. सरकारी खरेदी संथ असते हे खरंच, पण त्यातले बरेच आठवडे विक्रेता स्वतः घालवतो: चुकीच्या योजनेत अर्ज, चाचणीच्या तोंडावर बदललेलं डिझाइन, अर्धवट ड्रॉइंग, घाईत दिलेली किंमत. हा लेख त्या आठवड्यांबद्दल आहे. आजवर पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरचे सुटे भाग केले आणि आता पहिल्यांदा सैन्यासाठी स्वतःचं काही बनवायचं ठरवलं, अशांसाठी.

उदाहरण एकच धरू: डोंगरातल्या चौकीपर्यंत १५० किलो ओझं नेणारी, रबरी पट्ट्यांवर चालणारी, रिमोटची छोटी गाडी.

पायरी १: दार ओळखा

सैन्याची खरेदी दोन खिशांतून होते. सुटे भाग, दुरुस्ती, झिजणारा माल हे महसुली खिशातून. त्याचे नियम डीपीएम २०२५ (संरक्षण खरेदीची नियमपुस्तिका) मध्ये आहेत आणि ते १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. नवी उपकरणं भांडवली खिशातून. त्याची प्रक्रिया डीएपी २०२० (संरक्षण संपादन प्रक्रिया). तिचा फेरआढावा सुरू झालेला असल्याने अर्ज भरताना मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची त्या दिवशीची प्रतच उघडावी, मित्राने दोन वर्षांपूर्वी पाठवलेली पीडीएफ नको.

तुम्ही फाउंड्रीवाले असाल आणि अजून स्वतःचं पूर्ण उपकरण नसेल, तर पहिलं दार सृजन पोर्टल. २०२० साली सुरू झालेल्या या पोर्टलवर सैन्यदलं आणि संरक्षण क्षेत्रातल्या सरकारी कंपन्या आयात होणाऱ्या वस्तूंची यादी टाकतात. आपल्याला जमेल त्या वस्तूपुढे तयारी नोंदवायची, मग ड्रॉइंग किंवा नमुना बघायला मिळतो. शिकायला याहून स्वस्त जागा नाही. डीपीएम २०२५ मुळे हे काम थोडं सुसह्यही झालंय: देशीकरणाच्या कामात विकसनाच्या काळात उशिराचा दंड लागत नाही, आणि पाच वर्षांपर्यंत ऑर्डरची हमी देण्याची सोय आहे.

आपल्या गाडीसाठी मात्र आयडेक्स, म्हणजे नव्या लष्करी कल्पनांना अनुदान देणारी संरक्षण मंत्रालयाची योजना. एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेली ही योजना डिफेन्स इनोव्हेशन ऑर्गनायझेशन चालवते. सैन्यदलं आपल्या अडचणी मांडतात, 'डिस्क' नावाच्या फेऱ्यांमध्ये त्या जाहीर होतात, आणि निवड झालेल्याला दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं. आयडेक्स प्राइममध्ये ही मर्यादा १० कोटी, तर २०२४ मध्ये आलेल्या 'अदिती'मध्ये अतिमहत्त्वाच्या तंत्रज्ञानासाठी २५ कोटी. साधारण निम्मा खर्च स्वतःचा. यादीत नसलेली कल्पना ओपन चॅलेंजमधून मांडता येते. या दाराचा खरा फायदा अनुदानापेक्षा पुढचा आहे: चाचणीत पास झालेलं उपकरण जिंकलेल्याकडून घेता येतं, नव्याने जाहीर निविदा काढावी लागत नाही. २०२२ मध्ये सोप्या केलेल्या पद्धतीनुसार गरजेची मंजुरी, म्हणजे एओएन, मिळाल्यापासून करारापर्यंतचा काळ सुमारे २२ आठवड्यांवर आणलेला आहे.

डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी प्रकल्पामागे ५० कोटींपर्यंत आणि खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मदत करतो. आकडा बघून भुलू नका. तो तंत्रज्ञान उभं करण्यासाठी आहे. उपकरणाच्या खरेदीची वाट पुढे वेगळी चालावी लागते. मेक-२ या भांडवली खरेदीतल्या मार्गात विकसनाचा खर्च आपलाच. उद्योगाला स्वतःहून प्रस्ताव देता येतो, पण तुमच्यासोबत आणखी कंपन्याही नमुना करतात आणि शेवटी बहुतेक वेळा कमी किमतीवर निकाल लागतो. पंचवीस कामगारांच्या शेडने हे दार पहिल्या खेपेला तरी टाळावं.

राहिली तातडीची खरेदी. सीमेवर ताण वाढला की सैन्यदलांना कराराला ३०० कोटींपर्यंतचे विशेष अधिकार दिले जातात आणि माल वर्षभरात द्यावा लागतो. ज्याच्याकडे चाचणी झालेला माल तयार आहे त्याच्यासाठीच ते दार. त्याच्या भरवशावर योजना आखू नये, पण कागद तयार असले तर कधीतरी नशीब उघडतं.

पायरी २: अडचण समजून घ्या, मगच पॅटर्न काढा

आर्मी डिझाइन ब्युरो सैन्याच्या अडचणींचं संकलन प्रसिद्ध करतं. नौदलाची वेगळी यंत्रणा आहे. ते वाचा, मग माणसांशी बोला. आपल्याकडे ही सोय इतरांपेक्षा जास्त आहे. सैनिक टाकळीपासून चंदगडपर्यंत गावोगाव निवृत्त जवान आहेत, आणि लडाखमध्ये काढलेल्या हिवाळ्याबद्दल ते जे सांगतात ते कुठल्याही स्पेसिफिकेशनमध्ये नसतं: हातमोज्यातून कुठलं बटण दाबता येत नाही, कुठला पट्टा बर्फाने कडक होतो, ओझं खरं म्हणजे कशाचं असतं (रॉकेलचे डबे, उसळणारं पाणी, क्वचितच नीट चौकोनी पेटी). हे बोलणं माहितीपुरतं. अधिकृत वापरकर्ता कोण हे योजनेतून ठरतं, ओळखीतून नाही.

अर्जात भोंगळ दावा लिहू नका. "१५० किलो वाहते" याला अर्थ नाही. "१५० किलो, २५ अंश चढ, ४,५०० मीटर उंची, उणे २० अंश, तीन तास" असं लिहा, आणि जे झेपेल तेवढंच लिहा. अर्जातला प्रत्येक आकडा पुढे चाचणीच्या तक्त्यातली एक ओळ होतो. निवड समितीपुढे प्रभाव पाडायला ३५ अंश लिहून ठेवला, तर दोन वर्षांनी त्याच वाढीव दहा अंशांसाठी गिअरबॉक्स बदलावा लागतो.

पायरी ३: कागद

उद्यम नोंदणी, स्टार्टअप असाल तर डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता, जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर खातं, भागभांडवलात भारतीयांचा किमान ५१ टक्के वाटा. पॅन, जीएसटी, उद्यम आणि बँक या चारही ठिकाणी फर्मचं नाव अक्षरन्अक्षर सारखं हवं. एका ठिकाणी 'अँड' आणि दुसऱ्या ठिकाणी चिन्ह एवढ्यावरून अर्ज परत येतो. निःशस्त्र गाडीला सहसा औद्योगिक परवाना लागत नाही, पण तिच्यावर शस्त्र बसवायची जागा दाखवलीत की प्रश्न बदलतो. उडणारं काही असेल तर ड्रोन नियम २०२१, स्फोटक असेल तर नागपूरचं पेसो, म्हणजे स्फोटकांच्या सुरक्षेचं सरकारी कार्यालय. एवढं पुरे.

पायरी ४: टप्पे आणि गोठवणं

निवड झाली की नोडल अधिकाऱ्याबरोबर (सैन्यदलाने तुमच्या प्रकल्पासाठी नेमलेला अधिकारी) बसून टप्पे ठरतात आणि अनुदानाचे हप्ते त्या टप्प्यांना बांधले जातात. इथे घाई करू नका. प्रत्येक टप्प्याला डोळ्यांनी दिसणारी किंवा मोजता येणारी गोष्ट हवी. "पॉवरट्रेन ८० टक्के पूर्ण" हा टप्पा नव्हे. त्यावर सही कोण करणार? "चासिस मोटरसह रोलरवर दोन तास चालवून तापमानाची नोंद" हा टप्पा. गाडीसाठी पाच पुरतात: डिझाइनचा आढावा, चालती चासिस, ओझ्यासह स्थानिक चालवणी, पर्यावरण चाचण्यांचे अहवाल, वापरकर्त्याच्या चाचणीला दोन नग तयार.

हप्ता काम दाखवल्यावर येतो, पगार दर महिन्याला द्यावे लागतात. निदान चार महिन्यांचा खर्च आपल्या खिशात असेल तरच पुढे जा. प्रकल्पाचं बँक खातं वेगळं ठेवा, नाहीतर खर्चाचा दाखला देताना सीएकडून डिझेलची बिलं वेगळी काढण्यात महिना जातो.

आणि बदल्या. नोडल अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो, नव्या माणसाला तुमची गाडी ठाऊक नसते. प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी ईमेलवर इतिवृत्त पाठवा आणि दोन पानांची एक टिपण कायम ताजी ठेवा: काय ठरलं, काय झालं, काय बाकी. फाईल थांबण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित.

चालती चासिस पास झाली की डिझाइन गोठवा. ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर, पार्ट लिस्टवर तारीख. त्यानंतरचा कुठलाही बदल लिखित आणि कारणासह. आपल्याकडे फिटर जागेवर ग्राइंडर मारून बसवतो आणि ते चालतंही. पण दुसऱ्या नगात तो भाग बसत नाही आणि तपासणी अधिकारी ड्रॉइंग हातात घेऊन उभा असतो.

पायरी ५: कोल्हापुरात चालतं ते वर का थांबतं

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. ४,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के उरतो. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला ढोबळ १० टक्के ताकद गमावतं, म्हणजे इथे दहा अश्वशक्ती देणारं इंजिन तिथे सहाच्या आसपास. बॅटरीची गाडी केली तर हा प्रश्न जातो आणि दुसरा येतो: विरळ हवेत कंट्रोलर आणि मोटर नीट थंड होत नाहीत, म्हणून हीटसिंक इथल्या हिशेबापेक्षा मोठा घ्यावा लागतो. बाहेर थंडी आहे म्हणून यंत्र तापणार नाही, हा समज महागात पडतो.

लिथियम बॅटरी थंडीत कमी देते हे बहुतेकांना माहीत असतं. शून्याखाली चार्ज केल्यावर तिच्या आत धातू साचून ती कायमची बिघडते, हे माहीत नसतं. बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) कमी तापमानाला चार्जिंग तोडणारी सोय, पेटीला इन्सुलेशन आणि चार्जिंगआधी सेल गरम करणारे पॅड हे तिन्ही लागतात.

आता आपला विषय, ओतकाम. चाकांचे ब्रॅकेट, स्प्रॉकेटचे हब आपण सवयीने ७००/२ एसजी आयर्न या ओतीव लोखंडात ओततो, कारण ताकद जास्त आणि हात बसलेला. पर्लाइट या कठीण रचनेची ही जात थंडीत ठिसूळ होते. दगडावर आपटल्यावर वाकत नाही, तुटते. धक्का खाणाऱ्या भागाला फेरिटिक, म्हणजे मऊ रचनेची, ४००/१८ घ्या आणि त्यातली कमी तापमानाची जात मागा, जिच्यात उणे २० अंशाला व्ही-नॉच या धक्क्याच्या चाचणीत तीन नमुन्यांची सरासरी किमान १२ ज्यूल लागते. ती साधायची तर सिलिकॉन २.५ टक्क्यांच्या खाली आणि फॉस्फरस ०.०३ टक्क्यांच्या खाली ठेवा. चार्जमध्ये भंगार कुठून आलं इथूनच सुरुवात होते. मँगनीज जास्त असलेलं स्टीलचं भंगार घातलंत तर पर्लाइट परत डोकं काढतो. प्रत्येक हीटचे (एका खेपेला वितळवलेल्या धातूचे) टेस्ट बार जपून ठेवा, हीट नंबर कास्टिंगवर ओतलेला असू द्या. वर एखादा ब्रॅकेट तुटला तर दोष त्या हीटचा की डिझाइनचा, हे सांगता आलं पाहिजे.

साधा नायट्राइल सील कडक होऊन गळतो, साधं लिथियम ग्रीस घट्ट होऊन मोटरचा सुरुवातीचा करंट वाढवतं. दोन्ही कमी तापमानाच्या जातीचे मिळतात, किंमतही फार नाही. फक्त पार्ट लिस्टमध्ये तसं स्पष्ट लिहा, नाहीतर स्टोअरकीपर उद्यमनगरातून नेहमीचेच आणतो.

रिमोटसाठी भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांना परवान्याविना खुला आहे. बाहेरून मागवलेले स्वस्त रेडिओ संच पुष्कळदा दुसऱ्या देशाच्या पट्ट्यावर असतात. चाचणीच्या जागी सैन्याचे स्वतःचे संच चालू असतात. तिथे वारंवारितेवरून वाद झाला तर गाडी ट्रकमधून उतरतही नाही.

पायरी ६: प्रयोगशाळा

उष्णता, थंडी, कंपन, धूळ, पाऊस यांसाठी जेएसएस ५५५५५ आणि विद्युतचुंबकीय चाचण्यांसाठी मिल-एसटीडी-४६१ ही मानकांची नावं वारंवार येतील. कुठल्या चाचण्या, कुठल्या तीव्रतेच्या आणि कुठल्या क्रमाने, हे वापरकर्त्याकडून लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नका. पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, एनएबीएल मान्यतेच्या खासगी प्रयोगशाळाही आहेत.

पहिल्यांदा नापास होतं ते बहुतेक वेळा रेडिएटेड एमिशनमध्ये (उपकरणातून हवेत पसरणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींच्या चाचणीत), आणि दोषी मोटर कंट्रोलर. उपाय साधे आहेत: मोटरची केबल शील्ड असलेली, शील्ड दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये पूर्ण गोलाकार दाबलेली, वेणी करून एका स्क्रूला बांधलेली शील्ड उच्च वारंवारितेला निरुपयोगी. सप्लाय पेटीत शिरतो तिथेच फिल्टर. आणि पेटीच्या झाकणाची कड पावडर कोटिंगच्या आधी मास्क केलेली. रंगाचा थर इन्सुलेटर असतो, त्याच्यावर वाहक गॅस्केट बसवून काही उपयोग नाही. ही एक चूक इतक्या पेट्यांमध्ये दिसते की कोटिंगवाल्याला ड्रॉइंगवर लाल रेघ मारून द्यावी.

स्लॉट आधीच बुक करा, पण जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची तारीख घेताना पंचगंगेकडे लक्ष असू द्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद होता. धोक्याच्या पातळीची बातमी येण्याआधीच माल पुण्याला पोचलेला असावा.

पायरी ७: वापरकर्त्याची चाचणी

आयडेक्सबाहेर बरेचदा 'नो कॉस्ट नो कमिटमेंट' तत्त्वावर चाचणी होते: माल, वाहतूक, माणसं तुमची, खरेदीची हमी नाही. कुठल्याही मार्गाने गेलात तरी दोन नग न्या. एक बंद पडला तर चाचणी चालू राहते. एकच असेल तर पुढची तारीख पुढच्या मोसमात, कारण बर्फ तुमच्यासाठी थांबत नाही. बरोबर न्यायचा साठा: पट्ट्यांचे दोन जोड, चार रोड व्हील, एक मोटर, दोन कंट्रोलर, दोन रिमोट, सीलचा पूर्ण संच, केबल हार्नेस एक. कंट्रोलर एकच नेणाऱ्यांचाच तो जळतो, हा अनुभवाचा नियम.

तुमचा माणूस गाडी चालवून दाखवेल, हे फक्त पहिल्या तासापुरतं. नंतर जवान चालवतील. हिंदी आणि इंग्रजीत चित्रांसह पुस्तिका द्या, बटणांमध्ये जाड हातमोज्याचं बोट मावेल एवढं अंतर ठेवा. बिघाड झाला तर तिथेच सुधारणा करू नका. नोंद करा, मूळ भागच बदला, वेळ लिहा. जागेवर वायर फिरवून गाडी चालू केलीत तर चाचणी झाली कुठल्या रिव्हिजनची, हा प्रश्न उरतो. आणि चाचणीचा फोटो स्टेटसला ठेवायचा मोह पोरांना होतो. मोबाइल मुक्कामावरच ठेवायला सांगा.

पायरी ८: मंजुरी, किंमत, करार

चाचणी पास झाल्यावर वापरकर्त्याचं कार्यालय खरेदीची गरज मांडणारं टिपण तयार करतं. ते लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला लागणारी माहिती त्याने मागण्याआधीच तुम्ही द्या: अंदाजे किंमत, दरमहा किती नग देऊ शकाल, देशी घटकाची टक्केवारी, दोन वर्षांच्या सुट्या भागांची शिफारस केलेली यादी, सचित्र पार्ट लिस्ट, विशेष हत्यारं, स्वीकृती चाचणीची पद्धत, गुणवत्ता आराखडा. यातला एकेक कागद मागून घेण्यात एकेक पंधरवडा जातो. २२ आठवडे कागद तयार असणाऱ्यालाच मिळतात.

देशी डिझाइनच्या गटात किमान ५० टक्के देशी घटक लागतो. पार्ट लिस्टमध्ये प्रत्येक ओळीला उगम लिहा आणि पुरवठादाराचा दाखला जोडा. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली मोटर भारतीय ठरत नाही. चिनी भागांबाबत तर ढिलाई नकोच. २०२५ च्या सुरुवातीला त्याच कारणावरून सैन्याच्या ड्रोनचे करार रद्द झाले. कंट्रोलरच्या पेटीवरचं लेबल बदलून हे लपत नाही, बोर्ड उघडून बघितला जातो.

किमतीत लोक दोन टोकांना चुकतात. नमुन्याचा सगळा खर्च पहिल्या वीस नगांवर टाकणारे वाटाघाटीत अडकतात. ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून जॉबवर्कच्या दराने किंमत देणारे प्रशिक्षण, वॉरंटीत लेहला जाणारा माणूस, बँक हमीचा खर्च विसरतात. उपकरण, सुटे भाग, प्रशिक्षण, देखभाल अशा वेगळ्या ओळी करा, जीएसटी स्वतंत्र दाखवा, प्रत्येक ओळीमागे कोटेशन ठेवा. वाटाघाटी समिती कमी करा म्हणते तेव्हा कुठली ओळ हलू शकते हे तुम्हाला ठाऊक हवं.

पायरी ९: पैसे

आगाऊ रक्कम मिळते ती बँक हमीवर, आणि बँक हमीसाठी मार्जिन अडकवते. म्हणून करारावर सही करण्याच्या आधी, नंतर नव्हे, बँक मॅनेजरशी बोलून मर्यादा वाढवून घ्या. लघुउद्योगाला माल स्वीकारल्यापासून कमाल ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं आणि तक्रार ऑनलाइन नोंदवता येते. खरेदीदार सरकारी कंपनी असेल तर ट्रेड्सवर (बिलं वटवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर) बिल टाकून आधी पैसे उचलता येतात. तिथली नोंदणी पहिल्या बिलाच्या महिनाभर आधी करून ठेवा, कारण ती करायला बसाल त्या आठवड्यात नेमकं फाउंड्रीचं पेमेंट थकलेलं असतं.